आठ दिवस आधीचं आवतन

जानेफळात संजीवनीचं घर शोधायचं असेल तर तिचं नाव सांगून उपयोग नाही. तिच्या नवऱ्याचं, शेखरचं, सांगून तर मुळीच नाही. "मोबाईलवाल्या आबाचं घर" म्हणा, की टपरीवरचा चहावाला हातातली किटली खाली ठेवून रस्त्यापर्यंत येईल आणि बोट दाखवेल. मोबाईलवाले आबा म्हणजे संजीवनीचे सासरे उकंडराव. आणि गंमत बघा, या माणसाकडे स्वतःचा मोबाईल नाही. एकदा शेखरने साधा बटणांचा घेऊन दिला होता. तो त्यांनी वावरात धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, ठेवला आणि पुढे तो आठवलाच नाही. सोयाबीन कापायला आलेल्या बायांना सापडला, तेव्हा त्यात मुंग्यांनी घर केलं होतं.

मोबाईल होता तो संजीवनीकडे. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचा हात उशीखाली जायचा. "ताई, मुगवड्या पोचल्या नाहीत." "ताई, ठेचा जरा कमी तिखट करता येईल का?" "ताई, आबा दोन दिवस दिसले नाहीत, बरे आहेत ना?" आबा तिकडे अंगणात खाकरत दात घासत असायचे आणि इकडे संजीवनी अंथरुणात बसून नाशिकच्या कुणाला तरी लिहीत असायची, की आबा अगदी ठणठणीत आहेत. चहाचं आधण ठेवायच्या आत ती गावोगावच्या लोकांशी बोललेली असायची आणि घरातल्या एकाशीही नाही.

उजव्या हाताचा अंगठा मुळापासून ठणकायचा. मान अशी आखडलेली, की कुणी मागून हाक मारली तर तिला सगळं अंग वळवावं लागे. सासूबाई पुष्पाबाई हे सगळं बघत होत्या, आणि बघून गप्प बसणं हे काही पुष्पाबाईंच्या स्वभावात नाही.

"त्या डबड्याशी बोलतानी तुह्या तोंडातून साखर गळते," त्या म्हणत. "अन् मी आवाज देल्ला का खेकसतं. मले बी घाल बाई त्या मोबाईलात. म्हणजे तं माह्याशी गोड बोलशीन!"

संजीवनी हसायची. पण ते लागायचं, कारण ते खरं होतं.

हे सगळं सुरू झालं ते चार पोळ्यांमागे. संजीवनीचं माहेर साखरखेर्डा. तिची आई त्या वर्षी आजारपणामुळे अंथरुणाला खिळलेली होती. आईला गोठा दिसावा, बैल दिसावेत, म्हणून पोळ्याच्या आदल्या सांजेला संजीवनीने मोबाईल धरला, इतकंच. उकंडराव भुऱ्या आणि टिकल्याला न्हाऊ घालून गोठ्यात उभे होते. वर्षभर जू वाहून बैलांच्या खांद्यांना घट्टे पडतात, म्हणून त्या सांजेला हळद आणि लोणी घेऊन पळसाच्या पानाने ते चोळतात, आणि मग पाहुण्याला बोलवावं तसं बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं बोलावणं करतात. तेच आवतन. उकंडराव भुऱ्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग टिकल्याच्या कानाशी वाकून तेच. दुसऱ्या दिवशी बैलांना काम नाही, आणि बैल पुरणाची पोळी खाईपर्यंत घरात कुणी उष्टं करत नाही. यात जानेफळात कुणाला काही नवल नाही. घरोघर हेच चालतं.

आईला पाठवून झाल्यावर संजीवनीने तो व्हिडिओ सहज इन्स्टाग्रामवर टाकला आणि सांजेच्या स्वयंपाकाला गेली. परत येऊन बघते तर काय! पुण्याचे लोक, नाशिकचे लोक, कुठल्या कुठल्या परदेशातले लोक. कुणी लिहिलं, माझे वडील असंच म्हणायचे. कुणी लिहिलं, ऑफिसात बसून रडतोय. आणि एका बाईने विचारलं, या आबांच्या घरचं काही खायला मिळेल का हो? संजीवनीने पुष्पाबाईंच्या हातच्या मुगवड्या पिशवीत भरून पाठवल्या. त्या बाईने आणखी चौघींना सांगितलं. बघता बघता "उकंडआबाचं घर" हे दुकान झालं.

दुकान म्हणजे घरातलीच मागची खोली. पण उन्हाळ्यात गच्चीवर पाय ठेवायला जागा राहत नसे. मुगवड्या, धापोडे, कुरड्या, सगळं वाळायला. शेजारच्या भिमाबाई आधी हौसेने हात लावायला येत, मग कामाला येऊ लागल्या, मग त्यांच्यामागे आणखी चार-पाच बाया आल्या. शेखर शेती सांभाळून पार्सलं मेहकरला नेऊ लागला. संजीवनीला अभिमान वाटायचा आणि का वाटू नये? बारावी शिकलेली पोर, घरात बसून तिने हे उभं केलं होतं.

मग तिने इन्स्टाग्रामवर धंदा वाढवायला पूनम मॅडमची ऑनलाइन शिकवणी लावली. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी मनापासून शिकवलं. त्या म्हणाल्या, रोज दिसत राहा. एक दिवस चुकलात की लोक विसरतात. संजीवनी रोज दिसू लागली. आधी ती व्हिडिओत शुद्ध पुस्तकी बोलायची. मॅडम म्हणाल्या, छे छे, तुमची वऱ्हाडी हीच तुमची ओळख. मग ती वऱ्हाडी बोलू लागली, पण अशी, की वाक्यागणिक "बाप्पा" आणि "माय वं". पुष्पाबाईंनी एकदा दारामागून ऐकलं आणि विचारलं, "काय वं, असं तं आपल्या घरी कोणीच बोलत नाही. हे कोण्या गावचं आहे?"

रोज दिसायचं म्हणजे रोज काही तरी घडलं पाहिजे. घरात रोज काय घडणार? कुणी लिहिलं, उकंड हे काय नाव आहे! तर संजीवनी अख्खी दुपार समजावत बसली, की आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने त्यांना उकिरड्यावर लोळवलं आणि हे नाव ठेवलं, म्हणून तर ते वाचले. कुणी लिहिलं, बैल किती वाळलाय, खायला घालत नाही वाटतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सख्ख्या बहिणीचं लग्न तिने मोबाईलच्या चौकोनातून पाहिलं, आणि नंतर बहिणीने विचारलं, "अक्षता टाकल्या का तू?" तर तिला आठवेना. पण सगळ्यात वाईट वेगळंच होतं. पावसानंतर गच्चीवरून हिरवंगार सोयाबीन दिसायचं, ओट्यावर पुष्पाबाई आणि भिमाबाई एकमेकींना टाळ्या देत हसायच्या, आणि संजीवनीच्या मनात पहिल्यांदा यायचं, की उजेड कुठून आहे. तिला आता नुसतं बघताच येईना.

एकदा ती शेखरला म्हणाली, "अहो, मले वाटते हा मोबाईल विहिरीत टाकून द्यावा."

शेखर पार्सलांना दोरी बांधत होता. "टाक मंग. मी विहिरीवरच चाललो."

"मस्करी नका करू. खरंच थकली मी. एक दिवस, एकच दिवस कोणाले काही दाखवाचं नाही, असा दिवस पाह्यजे मले."

"मंग घे ना सुट्टी. कोणं अडवलं?"

"कशी घेऊ? एक दिवस दिसलं नाही का रीच पडते. रीच पडली का ऑर्डरी पडतात. अन् मंग भिमामावशीले काय सांगू? त्या बायाइच्या हातचं काम जाईन माह्यामुळं."

शेखरने गाठ घट्ट केली आणि पार्सलं उचलली. संजीवनी मात्र दिवसभर त्या एका दिवसाचाच विचार करत राहिली, आणि तो कुठून काढावा ते तिला कळेना.

असा पोळा जवळ आला.

पूनम मॅडमचा निरोप आला: आवतनाचा व्हिडिओ या वेळी आठ दिवस आधी टाका. पोळ्याला सगळेच टाकतात, त्यात तुमचा हरवतो. पोळ्याच्या दिवशी आपण लाईव्ह करू. संजीवनीला ते पटलं. उकंडराव ओट्यावर बसून बैलांच्या तोंडावर बांधायच्या नव्या म्होरक्यांना गोंडे लावत होते. ती त्यांच्याजवळ गेली.

"मामाजी, उद्या सकाळी आवतनाचा व्हिडिओ घेऊन टाकू."

"कायचं आवतन? पोळ्याले अजून आठवडा आहे."

"व्हिडिओ आधी लागते."

"अवं, पण उद्या देल्लं तर परवा जेवाले घाला लागते."

"खरं आवतन नाही मामाजी. नुसतं म्हणाचं. व्हिडिओपुरतं."

उकंडरावांनी गोंडा खाली ठेवला. "नुसतं कसं म्हणतात?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. टोमणा मारणं हे घरात पुष्पाबाईंचं खातं.

"तोंडानं," संजीवनी हसून म्हणाली.

सून आल्यापासून या माणसाने तिला एका गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. ना दुकानाला, ना व्हिडिओसाठी आणलेल्या त्या गोल दिव्याला, ना कॅमेऱ्यासमोर रोज स्वच्छ धोतर नेसायला. "बरं," ते म्हणाले आणि गोंडा परत हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गोल दिवा लागला. भुऱ्या त्याला बिचकला, टिकल्याने पाय आपटले. उकंडरावांनी हळद-लोण्याने खांदे चोळले, भुऱ्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्यांच्या रुमालाची सावली तोंडावर पडली होती. "पुन्हा, मामाजी." ते पुन्हा वाकले. नेमका रस्त्याने ट्रॅक्टर गेला. "आखरी डाव, मामाजी." तिसऱ्यांदा ते वाकले. भुऱ्याने तिन्ही वेळा रवंथ थांबवून मान खाली घेतली होती. आता तिसऱ्यांदा उकंडरावांचा आवाज जरा बसका लागला, भरून आल्यासारखा. संजीवनीने पडद्यावर बघितलं आणि मनात म्हणाली, किती सुंदर आला हा! तिने त्यांना अंगठा उंचावून दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गच्चीवर बसून त्याच व्हिडिओची काटछाट करत होती. खालून पुष्पाबाईंची हाक आली. नेहमीची नव्हती, म्हणून ती लगेच उठली.

"तुह्या मामाजीनं सकाळपासून पाणी सोडून काही घेतलं नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "चहा बी नाही. ताट वाढलं तं म्हणतात, राहू दे. मले काही सांगत नाहीत. तू पाह्य."

मोबाईल कठड्यावर तसाच ठेवून संजीवनी खाली आली. उकंडराव गोठ्याच्या दारात बसले होते. बैल न्हाऊन स्वच्छ, अंगावरून पाणी निथळत होतं. समोर वैरण टाकलेली नव्हती.

"मामाजी, जेवत काऊन नाही? अंगात कसकस आहे काय?"

"नाही बाई. तब्येत चांगली आहे."

"मंग?"

"त्याइले आवतन देल्लं ना काल." पाऊस येईलसं दिसते, असं म्हणावं इतक्या साध्या आवाजात ते म्हणाले. "ते जेवल्याबिगर मी कसा जेवू?"

"पण मामाजी, ते व्हिडिओसाठी होतं."

"आपल्यासाठी व्हिडिओ असन. त्याइले काय मालूम?" त्यांनी भुऱ्याच्या पायावरची माशी हाकलली. "तीन डाव म्हणलं मी. कानात म्हणलं. एवढ्या वर्साचं आहे, म्हणलं का दुसऱ्या दिवशी घातलं. ज्या साली काहीच पिकलं नाही, त्या साली बी घातलं. अन् आता बोलावून ठेवलं अन् कडबा समोर टाकला, तर कसं दिसते ते?"

"मले काल सांगाचं ना मामाजी."

"मी नाहीच म्हणाले पाह्यजे होतं. मले जमलं नाही. तुह्या कामाचं असते म्हणून." मग भुऱ्याच्या पायावर हात ठेवून, "ते आवतन माह्याकडं लागलं, म्हणून मी बसलो. तू जेवून घे, पोरी. तुले काम आहे."

ते रागावले असते तर संजीवनीला बरं वाटलं असतं. शेखरला रागावतात तसं, दोन शिव्या देऊन. पण हा माणूस तिची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन, उपाशी बसून, तिलाच जेवायला सांगत होता. तिसऱ्या वेळचा तो बसका आवाज तिला आठवला. त्याला आपण सुंदर म्हटलं! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. "आत्याबाई, हरभऱ्याची डाळ कुठं आहे?"

पुष्पाबाईंनी दारातून सगळं ऐकलं होतं. डोळ्याला पदर लावून झाला होता, त्यामुळे आता जीभ मोकळी होती. "कोठीत आहे. चार वर्सापासून तथीच आहे. तुले दिसली नाही."

खरंच होतं ते. चार पोळे संजीवनीने पुरणाचे व्हिडिओ केले होते, आणि पुरण एकदाही केलं नव्हतं.

तिने डाळ शिजायला घातली. गूळ चिरला. कणीक तिंबायला बसली तर अंगठा ठणकला. तिने तळहाताचा जोर लावला आणि तिंबत राहिली. डाळ मऊ झाली, गूळ विरघळला, जायफळाचा वास घरभर फिरला. वर कठड्यावर मोबाईल वाजू लागला. वाजून थांबला आणि परत वाजू लागला.

"वाजून राह्यला तुहा," पुष्पाबाई म्हणाल्या.

"वाजू द्या. हात भरले माहे."

पहिली पोळी तव्यावर जाता जाता फाटली आणि पुरण बाहेर आलं. पुष्पाबाईंनी ती वाकून बघितली. "व्हिडिओत बरी गोल असते वं तुही पोळी?"

"ती तुमच्या हातची असते, आत्याबाई."

"मालूम आहे मले!" आणि दोघी अशा हसल्या, की पुष्पाबाईंना ठसका लागला. त्या घरात त्या दोघी एकमेकींकडे बघून असं हसल्याला फार दिवस झाले होते.

पार्सलं भरायला आलेल्या भिमाबाई दारातच थबकल्या. "काय वं, आज कायचं पुरण? कोणी पाहुणे आहेत काय?"

पुष्पाबाईंनी सांगितलं. भिमाबाई तोंडाला पदर लावून हसत खालीच बसल्या. "माय माय! उकंडरावदादाचा पोळा आठ दिवस आधी! आता तुमचं कॅलेंडर बी छापा बाई, आम्ही इकत घेऊ." ही बातमी त्यांनी घरी जाता जाता कुणाकुणाला सांगितली ते त्यांनाच ठाऊक. पण पुढे आठवडाभर उकंडराव पारावर गेले, की कुणी तरी विचारायचं, दादा, दिवाळी कवा आहे तुमची?

पोळ्या झाल्या. उकंडरावांनी हात धुतले, पोळीवर तूप घातलं आणि ती हातावर घेऊन भुऱ्यासमोर धरली. भुऱ्याने लांब जीभ काढून पोळी अख्खी ओढून घेतली, मग हातावरचं तूपही चाटून घेतलं. टिकल्याला दम निघेना, तो मान पुढे काढून फुरफुरत होता. "थांब बे, तुले बी आहे," उकंडराव म्हणाले. दुपारचं पिवळं ऊन दारातून आत आलं होतं आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर लहान मुलासारखा आनंद होता.

संजीवनीचा हात आपोआप कमरेशी गेला. तिथे मोबाईल नव्हता. गच्चीचा जिना समोरच होता. ती गेली नाही. पुरणाचे हात पदराला पुसून ती दाराला टेकली आणि बघत राहिली. उजेड कुठून आहे ते तिच्या मनात आलं, आणि गेलंही. बैलांचं खाऊन झालं, उकंडरावांनी त्यांना हात जोडले आणि वळून म्हणाले, "वाढ आता. लय भूक लागली!"

सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती मागच्या खोलीत भिमाबाईंजवळ जाऊन बसली. मनातलं विचारायचं होतं आणि भीतीही वाटत होती.

"मावशी, पोळ्याच्या दिवशी मी मोबाईल बंद ठेवला तर चालन काय? लाईव्ह ठरला आहे. तो नाही केला तर ऑर्डरी कमी होतीन. तुमचं सगळ्याइचं काम..."

भिमाबाईंनी पिशवीचं तोंड बंद करता करता तिच्याकडे बघितलं. "पोळ्याले? अवं बाई, पोळ्याले आम्ही कवा येतो कामाले? आखाजी, पोळा, महालक्ष्म्या, आम्ही तं आपापल्या घरी असतो. तूच एकटी बसतं त्या डबड्याले घेऊन."

"तुमच्यासाठीच बसतो ना मी, मावशी."

"आमच्यासाठी?" भिमाबाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "आम्हाले वाटे, तुले हौस आहे!"

संजीवनीला हसावं की रडावं कळेना. चार वर्षं ती ज्या बायांचं ओझं मानेवर घेऊन फिरत होती, त्या बाया सणासुदीला घरी पाय पसरून बसत होत्या, आणि वरून म्हणत होत्या, की संजीवनीला मोबाईलची फार हौस. भिमाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "एक दिवस कायले, दोन दिवस बंद ठेव. मुगवड्या काही उडून जात नाहीत. आम्ही बी कुठं जात नाही."

त्या दिवशी संजीवनी गच्चीवर गेली, तो आठ दिवस आधीचा व्हिडिओ तिने पुसून टाकला, आणि पूनम मॅडमना फोन करून सांगितलं, की आवतनही नाही आणि लाईव्हही नाही. मॅडम म्हणाल्या, वर्षभराची मेहनत वाया जाईल. "जाऊ द्या मॅडम," संजीवनी म्हणाली. मग तिने लोकांसाठी दोन ओळी लिहिल्या. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आमच्या घरी पोळ्याला आणि आदल्या दिवशी मोबाईल बंद राहील. पार्सलं नंतर निघतील. कुणी हात जोडल्याची चित्रं पाठवली. कुणी चिडून लिहिलं, सणाचीच तर ऑर्डर होती, आता नको. काही जण सोडून गेले. संजीवनीने ते वाचलं, वाईट वाटलं, आणि ती भांडी घासायला बसली.

पोळ्याच्या आदल्या सांजेला पुष्पाबाईंनी हात पुढे केला. "दे इकडं." मोबाईल घेऊन त्यांनी तो हरभऱ्याच्या डाळीच्या कोठीत ठेवला आणि झाकण लावलं. "घे. आता तुले दिसते का पाहू."

गोठ्यात गोल दिवा नव्हता. छताला टांगलेला नेहमीचा बल्ब होता आणि शेखर एका खांबाला टेकून उभा होता. उकंडरावांनी पळसाच्या पानाने हळद-लोणी घेतलं. भुऱ्याचा खांदा त्यांनी सावकाश चोळला, जिथे केस गेलेत तिथे जास्त वेळ. मग ते कानाशी वाकले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." भुऱ्याने रवंथ थांबवून मान खाली घेतली.

उकंडराव सरळ झाले आणि वळून संजीवनीकडे बघत म्हणाले, "बरं झालं काय? का पुन्हा म्हणू?"

मग म्हाताऱ्याच्याच लक्षात आलं. "पाह्य, सवय लागली," ते म्हणाले आणि ओशाळून हसले.

संजीवनीला उमगलं. या माणसाचं बोलणं आपण इतक्या वेळा परत परत घेतलं, की खरं आवतन देऊनही त्यांना ते बरोबर झालं का हे आपल्याला विचारावं लागतं. "नाही मामाजी," ती कशीबशी म्हणाली. "ऐकलं त्यानं."

"ऐकलं ना? मंग झालं." आणि ते टिकल्याकडे वळले.

ती बाहेर ओट्यावर येऊन बसली आणि डोळे पुसू लागली. पुसले तरी ते थांबेनात. मागून पुष्पाबाई आल्या. त्यांच्या हातात उरलेल्या हळद-लोण्याची वाटी होती.

"मान खाली घाल."

"काय आत्याबाई? माणसाले लावतात काय हे?"

"वर्सभर मान मोडून राह्यली ना? मंग गप बस." त्यांनी तिचा पदर बाजूला केला आणि मानेवर, दोन्ही खांद्यांवर पळसाचं पान फिरवलं. मग पान टाकून हातानेच चोळायला लागल्या. हात खरबरीत होता, मुगवड्या घालून घालून चांगला जड झालेला. आखडलेली मान हळूहळू सैल पडू लागली. उजवा अंगठाही त्यांनी मागून घेतला आणि मुळापासून टोकापर्यंत चोळला. आतून उकंडरावांचा आवाज ऐकू येत होता, टिकल्याशी काही तरी बोलत होते.

पुष्पाबाई वाकल्या. आयुष्यभर मोठ्याने बोलणारी ती बाई सुनेच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

संजीवनीने डोळे मिटले. चार पोळे झाले, ती या घराच्या पंगतीत वेळेवर बसली नव्हती. "पुन्हा म्हणा ना, आत्याबाई," ती म्हणाली.

"वा वं बाई! हे काय तुहं शूटिंग आहे?" पुष्पाबाईंचा आवाज परत मूळ पट्टीत आला. "आवतन एकदाच देत असतात. उद्या वेळेवर ये जेवाले."